जिभेला चिकटणारी माती

डोमाकाका,

तुमच्या तेरवीला मांडवात एक पुढारी बोलले. फोटोला हार घातला, खिशातला कागद काढला आणि म्हणाले, "आपल्या भागानं एक थोर जलतज्ज्ञ गमावला." मी मागे सतरंजीवर बसले होते. उठून विचारावंसं वाटलं, साहेब, हा जलतज्ज्ञ तुमच्या फाटकाबाहेर भर दुपारी उभा होता तेव्हा तुम्ही कुठं होता? त्या दिवशी, काका, तुम्ही काचेच्या बरणीत शिंगूर मासा घेऊन गेला होतात. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "विकाले आणला का?" तुम्ही म्हणालात, "नाई बापा, दाखवाले आणला." साहेब जेवत होते, मग झोपले, मग दौऱ्यावर निघाले. तुम्ही बरणी घेऊन एसटीनं परत आलात आणि संध्याकाळी मला सांगितलंत, "मासा बंगला पाहून आला."

मी मांडवात उठले नाही. गिरजाकाकू समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि बसून राहिले. तुमचा विश्वास बसणार नाही, पण प्रज्ञा गप्प बसली.

खरं तर माझा राग त्या पुढाऱ्यावर नव्हताच. त्यानं तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. पण मला तर तुम्ही न विचारता सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वरून गावाला छापून वाटलं की याचं ऐकू नका. हे तुमच्या तोंडावर कबूल करायचं होतं. पावसाळा संपला की करीन म्हणत राहिले. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर यायच्या आत तुम्ही निघून गेलात.

आणि आता सोमवारी ग्रामसभा आहे. करंजबोडी, आपला तो लहान तलाव, खोल करायचा ठराव येणार आहे. ठरावासोबत जे पत्रक घरोघरी फिरतंय ते माझं आहे, तेच जुनं. फक्त 'मोठा तलाव' खोडून 'करंजबोडी' टाकलंय. आमच्याच संघटनेच्या पोरांनी छापलं, मला न विचारता. विचारायचं कशाला? पत्रक गाजलेलं होतं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. सोमवारच्या आत.

आपली ओळख विहिरीवर झाली. आमच्या मोहल्ल्यातली विहारामागची विहीर. मी कॉलेजातून आले तर एक म्हातारा माणूस काठावर वाकून आत फीत सोडत होता. फितीच्या टोकाला त्यानं आधी खडू घासला. मला वाटलं, काहीतरी मंतर-तंतर आहे, आता याला धरूनच हाणावं. बाबा घरातून ओरडले, "कोन हाय गा थो? विहिरीत काय टाकून राहिला?"

तुम्ही फीत वर ओढलीत, खडू कुठवर भिजला ते पाहिलंत, लिहून घेतलंत आणि म्हणालात, "टाकत नाई भाऊ. विचारून राहिलो."

"काय विचारता?"

"तब्येत."

बाबांनी तुम्हाला चहा पाजला. तिथं कळलं की तुम्ही भूजल सर्वेक्षणात होता आणि कधीच निवृत्त झाला होता. हुद्दा मदतनिसाचा. फीत धरायची, बोअरमधून निघालेला दगडाचा चुरा हातभर-हातभराच्या हिशेबानं डब्यांत भरायचा, डब्यावर चिठ्ठी लावायची. साहेब बदलून जात, नवे साहेब येत, आणि कोणत्या गावाखाली कोणता खडक आहे हे नव्या साहेबांना तुम्ही सांगायचात. "मंग अजून काहून मोजता?" बाबांनी विचारलं. "नोकरी सुटली," तुम्ही म्हणालात, "विहिरीची सवय नाई सुटली."

जातीनं ढीवर. म्हणजे पाण्यातलं सगळं तुम्हाला घरातून आलं होतं आणि पाण्याखालचं नोकरीतून. ही दोन्ही एका डोक्यात असणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. विद्यापीठातले लोक येत, एक माशांचे, एक खडकांचे. माशांवाले तलावाचा तळ पाहत नसत आणि खडकांवाले मासा ताटातच ओळखत. तुम्ही दोघांनाही तलावाच्या बांधावरून, पाळीवरून फिरवायचात, दोघांच्या मागे पिशवी धरून. अहवालात तुमचं नाव आलं नाही. मी चिडून बोलले तर म्हणालात, "नाव माशाचं बरोबर आलं ना? बस झालं."

तुमच्या घरात माशांची फळी होती. काकूंच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून माशांनी बळकावल्या होत्या. शिंगूर, वाम, मरळ, आणि ज्यांची नावं फक्त ढिवरांच्या बायकांना ठाऊक आहेत अशा बोटाएवढ्या मासोळ्या. प्रत्येक बरणीत कागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं तलाव, काठ, पाणी किती खोल. "पेन कायले नाई?" मी विचारलं. "शाई वाहून जाते. शिसं राह्यते." काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या, "लोकाइच्या बायकाइले सोनं-चांदी. मले बुढ्यानं काय देलं? मेल्या मासोळीचा वास." तुम्ही तोंड फिरवून हसत होता.

मरळीची पिल्लं पहिल्यांदा तुम्हीच दाखवलीत. मोठ्या तलावाचा उत्तरेचा काठ, जिथं न पेरता येणारं देवधान उगवायचं आणि पाणी गुडघ्याच्या वर जात नव्हतं. तुम्ही मला चिखलात उभं केलंत आणि हलू नको म्हणालात. मला जळवांची भीती वाटत होती, तेही तुम्हाला कळलं होतं. थोड्या वेळानं पाण्यावर ताटाएवढं लाल काहीतरी सरकलं. मला वाटलं, कोणी कुंकू सांडलं. जवळ आलं तर ती पिल्लं होती, सुईएवढी, शेकड्यांनी, एकमेकांना धरून. "यायच्या खाली पाह्य," तुम्ही कुजबुजलात. खाली काळी सावली होती. आई.

"पिल्लावरची मरळ आमच्या बाया मारत नाई," तुम्ही सांगितलंत. "कितीबी भाव असला तरी. जाळं बाजूले घेते." मग त्या काठाकडे हात केलात. "लोक म्हनते हा काठ बेकार, पाणी नाई, गवत माजलं. पोरी, हे तलावाची बाळंतिणीची खोली होय."

मी त्या संध्याकाळी घरी येऊन ते वाक्य वहीत लिहिलं. पत्रकात वापरू म्हणून. मी तेव्हा सगळंच पत्रकात वापरायला लिहीत होते.

पत्रक लिहायचं कसं हे मला संघटनेनं शिकवलं. वाक्य छोटं. शत्रू एक. मागणी एक. शेवटी हाक. यात वाईट काही नाही. त्याच पत्रकांनी आमच्या मोहल्ल्यात नळ आला. पण पत्रकात 'पण' चालत नाही, आणि तुम्ही 'पण'शिवाय बोलत नव्हता. मोठा तलाव गाळानं भरला होता हे तुम्हीही म्हणत होता. धानाच्या बांध्यांना शेवटचं पाणी पुरत नव्हतं, लोक खरंच हैराण होते. मी लिहिलं: 'गाळ काढा, गाव वाचवा. तलाव पुरुषभर खोल झालाच पाहिजे.' पुरुषभर हा शब्द मला फार आवडला होता.

तुम्ही मला उन्हाळ्यात कोरड्या तलावात नेलंत. सोबत फावडं आणि तुमचं ते जुनं लोखंडी गिरमिट, जमिनीत फिरवून माती वर काढायचं. आधी फावड्यानं गाळ काढलात, काळा, भुसभुशीत. "हा घेऊन जा. बांधीत टाका, सोनं हाय." मग खाली राखाडी माती लागली. तुम्ही बोटभर काढून, गोळा करून, माझ्यापुढे धरलीत.

"जिभेले लाव."

"काका, काहीही."

"लाव तं. थुकू नोको. ठेव."

मी लावली. चिकटली. अशी चिकटली की सोडवायला ओठ लावावा लागला. तुम्ही लहान पोरासारखे खूश झालात. मग गिरमिट फिरवत राहिलात, घामानं निथळून, आणि खालून लालसर, दाणेदार मुरूम वर आणलात. तोही जिभेला लावायला लावलात. तो पडून गेला.

"पाह्यलं?" तुम्ही म्हणालात. "खाली कुजका खडक हाय, भेगाभेगाचा. थो पाणी धरत नाई, पितो. त्याच्यावर हे चिकट अस्तर. जुन्या लोकाइनं पाळ बांधली, आन मंग पाण्यानं दरवर्षी थोडीथोडी बारीक माती बसवत बसवत हे अस्तर विणलं. गाळ काहाड. अस्तर फाडू नोको. आन उत्तरेच्या काठाले मशीन नेऊ नोको."

आणि मी काय म्हणाले? तुम्ही ते कधी काढलं नाहीत, म्हणून मीच इथं लिहिते. मी म्हणाले, "काका, सरकारी नोकरीनं तुमची हिंमत काढून घेतली. लोक रस्त्यावर यायला तयार आहेत आणि तुम्ही मला माती चाटायला लावून राहिले."

तुम्ही गिरमिट पुसलंत. एवढंच.

पुढच्या पत्रकात मी छापलं: 'जिभेनं माती चाटून तलाव वाचत नसतात, त्यासाठी मुठी आवळाव्या लागतात.' नाव नव्हतं. गरजही नव्हती. अख्ख्या गावात माती जिभेला लावणारा माणूस एकच होता. अड्याळच्या बाजारात पोट्टे तुम्हाला पाहून जीभ बाहेर काढायचे. काकू मासोळी विकत बसायच्या, त्यांनीही पाहिलं. तुम्ही माझ्याकडे आलात आणि मी मनात उत्तरं जुळवत असताना म्हणालात, "छपाई साफ झाली. उरलेले कागद असन तं मले आणून देजो."

मला वाटलं, म्हातारा वळला. आपल्या बाजूनं पत्रकं वाटणार. मी गठ्ठाच्या गठ्ठा नेऊन दिला. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रकाचा उरलेला गठ्ठा तुमच्या घरी पोचवला, आणि बैठकीत अभिमानानं सांगितलं की डोमाकाका आता आपल्यासोबत आहेत.

पोकलेन आली. आम्ही ढोल वाजवला. मी पाळीवर उभी राहून नारळ फोडला आणि मशीनवाल्याला वर ओरडून सांगितलं, आणखी खोल. तो हसला. ठेकेदारही हसला, कारण त्याला गाळ नकोच होता. त्याला मुरूम हवा होता, रस्त्याच्या कामाला. टिप्परमागून टिप्पर लाल मुरूम गेला आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. तुम्ही चिंचेखाली उभे होता. हातात फीत, खडू. आरडाओरडा केला असतात तर मी तुमच्याशी भांडले तरी असते.

त्या पावसाळ्यात तलाव भरला आणि तलावाखालच्या विहिरी अशा वर आल्या की विहारामागच्या विहिरीतून बायका वाकून बादलीनं पाणी काढू लागल्या. मी पत्रक काढलं: 'पाणी आलं!' दोनच शब्द, मोठ्या टायपात. तुम्ही फीत घेऊन आलात, विहीर मोजलीत, मग आमच्या ओसरीवर बसलात. चहा घेतला नाहीत.

"पोरी, हे आलेलं पाणी नाई. गेलेलं पाणी होय."

"म्हणजे?"

"तलावातलं गळून राहिलं. विहिरीतून पुढं नाल्यात जाईन. उन्हाळ्यापावतर ना तलावात राहीन ना विहिरीत."

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला आमचं चांगलं झालेलं पाहवत नाही का?"

आई आतून म्हणाली, "प्रज्ञा, तोंड सांभाळ." तुम्ही हात वर केलात, असू दे म्हणून, आणि गेलात.

संक्रांतीला तलावाचा तळ दिसला. तिळगूळ वाटायला निघालेल्या बायका पाळीवर थबकल्या. मग विहिरी गेल्या, एकेक करून, तुमच्या फितीनं सांगितलेल्या क्रमानं. उत्तरेचा काठ मी पाहायला गेले. काठ नव्हताच. सरळ कापलेली भिंत होती, घरासारखी. देवधान नाही, गवत नाही, गुडघाभर पाणी मावेल अशी जागाच नाही. ढिवरांच्या सोसायटीनं सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज चिखलात कावळ्यांनी टिपलं. काकू आता अड्याळच्या बाजारात थर्माकोलच्या पेटीतली, बर्फातली, ट्रकनं आलेली मासोळी विकत होत्या. मी समोर उभी राहिले तर म्हणाल्या, "घे. आंध्राची हाय. आपल्या तलावातली असती तं तुले तडफडतानी देली असती." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मी काय केलं? जे येतं ते. पत्रक लिहिलं. ठेकेदारावर, मुरूम चोरीवर, सगळं पुराव्यासह. छापायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणलं, कारण आता मला तुमची फीत हवी होती. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत.

"सगळं खरं हाय. एक वाक्य कमी हाय."

"कोणतं?"

"त्यानं खोदलं. पण 'आणखी खोल' कोन म्हनलं?"

मी कागद तुमच्या हातातून ओढून घेतला. फाटला थोडा. अख्खा उन्हाळा मी तुमच्याकडे फिरकले नाही. ठेकेदाराविरुद्ध मोर्चे काढले, दोनदा पोलीस ठाण्यात बसले, आणि प्रत्येक भाषणात ते एक वाक्य घशाशी येऊन मागे जात होतं. माणसं टाळ्या वाजवत होती. टाळ्यांच्या मधे ते बोलायला जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते.

पावसाळ्यात कोणीतरी म्हणालं, काकाले ताप हाय. आले. तुम्ही खाटेवर होता, उशाशी फीत. फार बोलवत नव्हतं. तरी वाद तिथूनच सुरू केलात, जिथं सुटला होता.

"पाह्य पोरी. म्या दिवसभर जाळं टाकलं आन मासा नाई सापडला, तं म्या 'नाई सापडला' लिवतो. लाज नाई वाटत. म्हनूनच जवा 'सापडला' लिवतो तवा कोनी तरी मानते. तू एकडाव 'चुकलं' लिव."

"लोक माझं पुढचं ऐकणार नाहीत, काका. ठेकेदार नाचेल."

"नाचू दे. तुझ्यापेक्षा जास्त नाई नाचनार. तू तं पाळीवर ढोल घेऊन नाचली."

आपण दोघंही हसलो. शेवटचं. मग मी म्हणाले, पावसाळा झाला की लिहिते. तुम्ही म्हणालात, "बरं." माझ्यावर विश्वास ठेवून म्हणालात, की थकून म्हणालात, हे मला कळायला आता मार्ग नाही.

तेरवी आटोपली, मंडप सुटला, तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं. फळीखालून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. "हे तुझे कागद."

माझीच पत्रकं होती. मला मेल्यासारखं झालं. मनात आलं, लोकांना वाटली नाहीत, तशीच ठेवली. मग एक उलटं केलं.

आमची पत्रकं एका बाजूनं छापलेली असतात. मागची बाजू कोरी. तुम्ही सगळ्या कोऱ्या बाजू लिहून काढल्या होत्या. पेन्सिलीनं. पुढे 'पाणी आलं!', मागे: 'विहारामागची विहीर, वर. मोठा तलाव, खाली. सांडव्याखालचा नाला वाहता, पाऊस नसताना.' पुढे 'मुठी आवळा', मागे वामीचं चित्र आणि परांच्या काट्यांची मोजणी. पुढे 'पुरुषभर', मागे: 'उत्तर काठ. मरळ पिल्लं नाही सापडली. पुन्हा पाहणे.' त्याच्या खालच्यावर पुन्हा: 'नाही सापडली. पुन्हा पाहणे.' पुन्हा. पुन्हा.

माती चाटण्याचं वाक्य असलेलं पत्रक मी शोधलं. त्याच्या मागे तरी माझ्याबद्दल काही असेल म्हणून. त्यावर चिखलाच्या अंगठ्याचा ठसा होता आणि एक ओळ: 'शिंगूर तीन. मोजून सोडले.'

सगळ्यात वरचा कागद ताप यायच्या आधीचा असावा. 'करंजबोडी, पूर्व काठ, देवधान आहे. मरळ पिल्लं सापडली. आई खाली आहे. प्रज्ञाला दाखवणे.'

मी त्या दिवशी खाटेशेजारी बसले होते. तुम्ही सांगितलं नाहीत. मी आधी ते एक वाक्य लिहावं, मग दाखवावं, असं होतं का तुमच्या मनात? की मी पावसाळ्यानंतर येईनच, तेव्हा चिखलात उभं करू, असं? मी गेले होते परवा. पिल्लं आता मोठी होऊन पांगली असणार. काठ आहे. देवधान आहे. त्याच काठावर ठरावाच्या नकाशात पोकलेनचा रस्ता आखला आहे.

इथवर लिहून थांबले होते. आज सोमवार, ग्रामसभेहून आत्ता आले.

ठराव वाचला गेला. माझं पत्रक वाचलं गेलं, आमच्याच पोरानं, छान आवाजात. मी उठले. भाषण नव्हतं तयार. म्हणाले, मोठा तलाव फुटका झाला, तो 'आणखी खोल' म्हटल्यामुळे झाला, आणि ते मी म्हटलं होतं. डोमाकाकांनी मला आधी दाखवलं होतं, तेही सांगितलं. ठेकेदारावर बोलायला तोंड उघडलं, पण आज तुमचं वाक्य बोलायचं होतं, म्हणून तेवढंच बोलले.

मग मागून आवाज आला, "मंग तवा पाळीवर काहून नाचत होती?" सगळे हसले. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

"तवा मले समजत नव्हतं," मी म्हणाले.

"आन आता समजते?"

"नाई. ज्याले समजत होतं त्याले आपण विचारलं नाई."

हसणं थांबलं. आमची पोरं माझ्याकडे पाहत नव्हती. एक जण उठून बाहेर गेला. जाऊ दे. मी गठ्ठा सोडला आणि कागद फिरवले. लोकांनी आधी पुढची बाजू वाचली, सवयीनं. मग उलटून पाहिलं. बराच वेळ नुसता कागदांचा आवाज होता.

सरपंचताई शेवटी म्हणाल्या, "गाळ तं काढाच लागन, बाप्पा. बांध्याइले पाणी पायजे." खरंच आहे, पाहिजे. मग तुमच्या पेन्सिलीवरूनच ठरलं. वरचा गाळ काढायचा, पूर्वेच्या काठाला मशीन न्यायची नाही, आणि चिकट माती लागली की थांबायचं.

तेवढ्यात तोच मागचा आवाज. "चिकट माती लागली हे ठरवन कोन? पोकलेनवाला?"

काका, त्या वेळी सगळ्या सभेनं एकाच जागी पाहिलं. दाराजवळच्या खांबाकडे, जिथं तुम्ही दर सभेला टेकून बसायचात आणि तुम्हाला कोणी काही विचारत नसे. तिथं कोणी नव्हतं.

मग बायकांमधून काकू उठल्या. तेरवी होऊन चार दिवस नाही झाले. कोणीतरी पदर ओढून खाली बसवत होतं. त्यांनी पदर सोडवला.

"मी ठरवीन."

"काकू, तुमाले मातीतलं काय समजते?"

"तुमच्या काकाचे पँट कोन धुतले? तू?" काकू म्हणाल्या. "गाळाचा डाग पाण्यानं जाते. मुरमाचा झटकून जाते. थे राखाडी माती साबण लावा, दगडावर आपटा, जात नाई. रोज संध्याकाळी खड्ड्यातल्या मातीत फडका चोळीन आन बोडीवर धुवीन. ज्या दिवशी डाग निघनार नाई, त्या दिवशी मशीन बंद. लिवा."

सरपंचताईंनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं लिहिलं.

मी काकूंना घरी सोडायला गेले. आत गेल्या, खुंटीवरची पँट काढून माझ्या हातात दिली. "हे शेवटचं. करंजबोडीवरून आला होता बुढा. म्या धुतलंच नाई."

दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत राखाडी माती, वाळलेली. मी जिभेला नाही लावली. नखानं खरवडून पाहिलं. मग ओल्या बोटानं घासून पाहिलं. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या.

निघत नाही, काका.

— प्रज्ञा